शाळा सुटल्यानंतरचा तास

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या आणि अखेर एक वर्ष परीक्षणाखाली राहण्याच्या अटीवर आत गेल्या. ही हकिकत मराठी वाचकांना आता चांगली परिचित आहे. याच कमला सोहोनी यांनी पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषवले.

ही हकिकत सांगताना एक तपशील मात्र सहसा ओझरता येतो. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच बंगळुरूच्या संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. घरात रसायनशास्त्राची भाषा होती. त्यांच्या धैर्याचे मोल याने कमी होत नाही. पण बंद दार ठोठावायचे तर आधी त्या दारापर्यंत पोचावे लागते. ज्या मुली तिथवर पोचल्याच नाहीत, त्यांच्यासमोर दार बंद आहे की उघडे, हा प्रश्नच आला नाही.

अशा मुलींपर्यंत विज्ञान नेण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे झाले, त्यांचा माग मी काही वर्षे काढतो आहे. माझे शिक्षण या विषयातले नाही. संस्थांचे अहवाल, जुनी क्रमिक पुस्तके, शिक्षण आयोगांची कागदपत्रे आणि रद्दीतून मिळालेली मासिके ही माझी साधने. त्यांतून एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसत गेली. गरीब घरातल्या मुलीचा विज्ञानाशी संबंध जुळतो की नाही, हे तिच्या आवडीपेक्षा दोन साध्या बाबींवर अधिक ठरत आले आहे. शाळा सुटल्यानंतरचा तास तिच्या मालकीचा आहे का, आणि त्या तासात साधन तिच्या हातात येते का? आपल्या शिक्षणाच्या इतिहासात या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी शोधली. ती एकत्र आली असे मात्र फार थोड्या वेळा घडले.

मुलींनी काय शिकावे?

सुरुवात अभ्यासक्रमापासून करावी लागते, कारण पहिला अडसर तिथेच होता. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळाही सुरू केली. कष्टकऱ्याला दिवसा वेळ नसतो, म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा साधा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. अवघ्या काही वर्षांच्या शिक्षणानंतर एका वंचित मुलीने काय लिहिले, हे ज्यांनी वाचले असेल, त्यांना मुलींच्या आकलनाबद्दल वेगळे सांगायला नको.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे त्यांनी मागितले होते. शिकणाऱ्याच्या रोजच्या कामाशी ज्ञानाचा सांधा जुळला पाहिजे, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते. आयोगाने मुलींच्या शाळांबाबत मात्र दुसरा सूर लावला. मुलींसाठी अभ्यासक्रम सोपा असावा आणि त्यांच्या गृहजीवनाला धरून असावा, अशी त्याची शिफारस होती.

हा दुसरा सूर पुढे दीर्घकाळ टिकला. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. या विद्यापीठाने मातृभाषेतून उच्च शिक्षण दिले, ही मोठीच गोष्ट होती. पण गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य यांना तिथे मानाचे स्थान होते, आणि भौतिकशास्त्र किंवा गणित ही मुलींची स्वाभाविक वाट आहे असे कोणी मानत नव्हते. कर्व्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळात मुलीला घराबाहेर पाठवायला पालक तयार व्हावेत, यासाठी शिक्षण घराच्याच उपयोगाचे आहे असे पटवावे लागे. त्याची किंमत मात्र मुलींच्या दोन-तीन पिढ्यांनी मोजली. एसएससीच्या जुन्या अकरा वर्षांच्या पद्धतीत गणिताला आणि विज्ञानाला पर्याय असत आणि ते पर्याय मुलींकडे आपोआप सरकवले जात.

हा भेद मोडायला स्वातंत्र्यानंतरही दीड दशक जावे लागले. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६४ मध्ये स्पष्ट सांगितले, की शालेय पातळीवर मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे ठेवण्याचे कारण नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही भूमिका उचलून धरली आणि पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना आवश्यक करावे असे सुचवले. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्यानंतर निदान कागदावर तरी मुलीच्या वाट्याला तेच विज्ञान आले, जे मुलाच्या वाट्याला होते.

‘कागदावर’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कोठारी आयोगाने सुचवलेल्या ‘कार्यानुभवा’चे उदाहरण घ्या. हाताने काम करत शिकणे, हा त्यामागचा हेतू. माझ्या पिढीच्या शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला मुले सुतारकामाला जात आणि मुली शिवण-भरतकामाला. करवत, पक्कड, सोल्डरिंगची कांडी ही साधने मुलींच्या हातात यावीत असा नियम नव्हता आणि येऊ नयेत असाही नव्हता. ती येत नसत, एवढेच. विज्ञानाची साधने तर कोणाच्याच हाती नसत. आमच्या शाळेत काचेच्या कपाटात चंचुपात्रे आणि लोहचुंबक होते, कपाटाला कुलूप होते. तपासणी अधिकारी आले की कपाट उघडे.

पाळण्याची शाळा

अभ्यासक्रमातला अडसर दूर झाला तरी तासाचा प्रश्न उरतो. तो सर्वांत स्पष्टपणे ज्यांनी पाहिला, त्या विज्ञानाच्या शिक्षिका नव्हत्या, बालशिक्षणाच्या होत्या.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या आणि पुढे हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना त्यांना दिसले, की थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. आई मजुरीला जाते, म्हणून मुलगी घरी थांबते. तिला शाळेत यायला सांगणे म्हणजे आईची मजुरी बुडवायला सांगणे होते.

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कडेवरचे पोर पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि सांभाळणारी मुलगी वर्गात. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे जिथे चरतात तिथे शाळा न्यायची. शिकवण्याची साधने खडे, बिया, पाने, शिंपले अशी भोवतालातली. मोजणे, वर्गीकरण करणे, फरक ओळखणे या गोष्टी त्यांतून होत. त्यांना कोणी ‘विज्ञान’ म्हटले नाही, पण निरीक्षणाची पहिली पायरी तीच असते.

याच धाग्यावर पुढे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेने काम केले. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या या संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसा शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. शिकवणारे गावातलेच थोडेफार शिकलेले तरुण-तरुणी. वेळ गावाने ठरवायची. या वर्गांत मुलींची संख्या मुलांपेक्षा मोठी होती, यात आश्चर्य नाही. दिवसाची शाळा ज्यांना परवडत नव्हती त्यांत मुलीच अधिक होत्या.

तासाचा हा प्रश्न जुना झाला आहे असे वाटत असेल, तर २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाकडे पाहावे. घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या ८१ जणी हे काम करतात आणि पुरुषांपैकी फक्त २६ जण. या मोजणीत सहा वर्षांच्या मुलीही आहेत, हे लक्षात घेतले की ‘शाळेनंतरचा मोकळा वेळ’ हा शब्दप्रयोग किती घरांना लागू पडतो याचा अंदाज येतो.

मी ज्या वस्तीजवळ राहतो तिथे एक संध्याकाळचा वर्ग चालतो आणि तिथे मी कधीमधी प्रयोगाचे सामान घेऊन जातो. मुलांना शिकवण्यापेक्षा मला त्या वर्गाच्या हजेरीपत्रकाने अधिक शिकवले. मुलींच्या गैरहजेरीचे दिवस सलग नसतात, ठरावीक अंतराने येतात. ते दिवस नळाच्या पाण्याचे असतात. ज्या दिवशी पाणी संध्याकाळी येते त्या दिवशी मुली नसतात, मुले असतात. कारण वहीत लिहिलेले नसते. शिक्षिकेला विचारले तर ती सहज सांगते, मुलींचे लक्ष नसते हो, अर्ध्यावर उठून जातात. त्या कुठे जातात हे तिला ठाऊक असते. पण ते कारण ‘शिक्षणा’तले आहे असे तिला वाटत नाही.

हातात आलेले साधन

दुसरा प्रश्न हाताचा. तो सोडवण्याचे सर्वांत मोठे प्रयत्न १९७० नंतरच्या दोन दशकांत झाले. त्यांतला पहिला मध्य प्रदेशातला, पण मुंबईशी जोडलेला.

अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून होशंगाबाद जिल्ह्यात गेले आणि त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था उभी केली. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ केंद्र यांनी मिळून जिल्ह्यातल्या १६ सरकारी मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात सामील झाले. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारच्या टोळ्यांत बसून स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे वहीत लिहायची आणि निष्कर्षावर वर्गात चर्चा करायची. धडा पाठ करायचा नाही. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा आणि एक भाग प्रत्यक्ष प्रयोगाचा. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. मुलांनी प्रश्न पाठवावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याच्या पत्त्यावर मुलांची पत्रे येत आणि त्यांना उत्तरे जात. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

याच कार्यक्रमात १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंते आले. गावच्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन बनवायला सुरुवात केली. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाच्या आणि छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे काही पैशांच्या सामानात मुलाच्या बोटांना कळते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली. स्वस्त साधनांचा हा विचार गरीब मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. महाग साधन कुलुपात जाते आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते हे आपण जाणतो. मोडले तरी कोणी ओरडणार नाही असे साधनच बुजऱ्या हातात जाते.

होशंगाबादचा कार्यक्रम मुलींसाठी म्हणून आखलेला नव्हता. मिडल स्कूलपर्यंत पोचणाऱ्या मुलीच त्या काळी कमी होत्या. आणि चार जणांच्या मिश्र टोळीत साधन कोण हाताळते आणि वहीत कोण लिहून घेते, हा प्रश्न अशा प्रत्येक वर्गात उभा राहतो. मुलींचे अक्षर चांगले असते या कौतुकाखाली नोंदीचे काम त्यांच्याकडे येते आणि भिंग, तराजू, बॅटरी मुलांकडे जाते. दोघांच्याही वहीत निष्कर्ष सारखाच असतो, पण एकाच्या बोटांना तो ठाऊक असतो आणि दुसरीला फक्त शब्दांत.

हा पेच महाराष्ट्रात सर्वांत ठामपणे सोडवला तो पाबळने. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले तंत्रज्ञ. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले वरिष्ठ पद पन्नाशीनंतर सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकणारी मुले मठ्ठ नसतात, हाताने शिकण्याची त्यांची सवय शाळेत वापरलीच जात नाही, असे त्यांचे निदान होते. त्यांनी आखलेला अभ्यासक्रम चार भागांचा होता. कार्यशाळा व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस यासाठी द्यायचा. पुढे राज्याच्या परीक्षा मंडळानेही या विषयाला मान्यता दिली.

यात मुलामुलींचे वाटप नव्हते. प्रत्येकाने चारही भाग शिकायचे. त्यामुळे मुली वेल्डिंग करू लागल्या, विजेची जोडणी करू लागल्या, आणि मुले स्वयंपाकाचे पोषणमूल्य काढू लागली. आरोग्याच्या भागात रक्तगट ओळखणे आणि हिमोग्लोबिन मोजणे हेही होते. याचे मोल आकड्यांत पाहावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. ज्या मुलीने स्वतःच्या आणि मैत्रिणीच्या रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन मोजले, तिला हा आकडा पाठ करावा लागत नाही. शेवग्याची पाने, गूळ, लोखंडी कढई यांविषयीची चर्चा तिच्या घरापर्यंत जाते. विज्ञान तिच्या उपयोगाचे आहे हे तिला कोणी पटवून द्यावे लागत नाही.

शब्दांची भिंत

तास आणि हात यांच्याबरोबर तिसरी एक गोष्ट आहे, ती मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने दाखवून दिली. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत हे केंद्र सुरू झाले. सुरुवातीची बरीच वर्षे ते नाना चौकातल्या एका महापालिका शाळेच्या इमारतीतून चाले. संस्थापक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. नंतर, १९८० पासून, मुंबईच्या महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुले-मुली निवडून त्यांना आठवी ते दहावी अशी तीन वर्षे शाळेच्या वर्गाला जोड म्हणून मार्गदर्शन दिले.

त्यांना आढळले, की ही मुले विज्ञानात मागे पडतात त्याचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा आहे. ‘उत्सर्जन’, ‘अभिसरण’, ‘परिणामस्वरूप’ असल्या संस्कृतप्रचुर शब्दांची आणि लांबलचक वाक्यांची मराठी त्यांच्या घरातली नव्हती. मजकूर साध्या मराठीत लिहून दिला, वर्गात बोलायला आणि प्रयोगाविषयी स्वतःच्या शब्दांत लिहायला वाव दिला, तेव्हा तीच मुले प्रश्न विचारू लागली आणि परीक्षेतही चांगली उतरली. जातीचा आणि बुद्धीचा संबंध जोडणाऱ्या जुन्या समजुतीला हे शांत आणि पुराव्यानिशी दिलेले उत्तर होते.

मुलींच्या बाबतीत या निष्कर्षाला आणखी एक पदर आहे. त्यांच्याजवळ शब्द नसतात असे नाही. त्यांच्याजवळचे शब्द विज्ञानाचे मानले जात नाहीत. माठातले पाणी गार होते, नवा माठ जुन्यापेक्षा जास्त गार करतो, हे पाणी भरणारी मुलगी जाणते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते, आणि वापराने क्षार साचून छिद्रे बुजली की माठ ‘थंड पडतो’ म्हणजे गार करेनासा होतो. बाष्पीभवनाचा सबंध धडा तिच्या घरच्या तिवईवर ठेवलेला आहे. हळदीचा डाग साबणाने धुताना लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या मुलीने पाहिलेले असते. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. कुंकू करण्याची जुनी रीत हळद आणि चुना यांच्या याच गुणावर उभी आहे. आम्ल, आम्लारी आणि दर्शक यांचा प्रयोग करायला प्रयोगशाळेतला लिटमस कागद लागत नाही. वहीच्या कागदावर हळदीचे पाणी फिरवून वाळवले की पट्ट्या तयार. अशा पट्ट्यांवर साबण, सोडा, चिंच, दही, राख एकेक करून तपासायला सुरुवात झाली, की वर्गात आजवर न बोललेल्या मुली बोलू लागतात. कारण प्रश्न त्यांच्या ओळखीच्या वस्तूंविषयी असतो आणि उत्तर वस्तूच देते, शिक्षक देत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मुलींना स्वयंपाकघरातलेच विज्ञान शिकवायचे तर हंटर आयोगाच्या गृहजीवनात आणि यात फरक काय? फरक पुढच्या पावलात आहे. हळदीच्या पट्टीवर थांबलो तर तो गृहजीवनाचाच धडा. हळद रंग का बदलते, किती चुन्याला बदलते, निम्मे पाणी घातले तर काय होते, हे मोजायला लागलो की ते रसायनशास्त्र. आणि त्याच आठवड्यात त्याच मुलीच्या हातात बॅटरी, तार आणि दिवा आला, तर तिची ओळख स्वयंपाकघराशी बांधलेली राहत नाही. पाबळने वेल्डिंग आणि हिमोग्लोबिन एकाच अभ्यासक्रमात ठेवले, त्यातले शहाणपण हेच आहे.

दोन धागे, एक आवार

आता या सगळ्याची बेरीज करून पाहू. कोसबाडने मुलीला तास मिळवून दिला, पण ते काम बालशिक्षणाचे होते, विज्ञान हा त्याचा विषय नव्हता. होशंगाबाद आणि पाबळने हातात साधन दिले, पण शाळेच्या वेळेत. आणि जी मुलगी शाळेत पोचली, तिलाच. होमी भाभा केंद्राने शब्दांची भिंत पाडली, पण निवडक मुलांसाठी. प्रत्येक ठिकाणी प्रश्नाचा एकेक तुकडा सुटला.

गेल्या दशकातल्या योजनांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०१९-२० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नववी ते बारावीच्या मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’ योजना आणली. जवाहर नवोदय विद्यालये त्याची केंद्रे आहेत. साधन पोचवण्याच्या बाजूने हे मोठे पाऊल आहे. पण थ्री-डी प्रिंटर असलेल्या शाळेतली मुलगी साडेपाचच्या एसटीने गेली नाही तर घरी पोचत नसेल, तर शाळा सुटल्यावर उघडणारी लॅब कोणासाठी उघडते? जे शाळेजवळ राहतात, ज्यांना न्यायला कोणी येते, किंवा ज्यांच्या उशिरा येण्याची घरात चौकशी होत नाही, त्यांच्यासाठी. यांत मुली थोड्या आणि गरीब मुली त्याहून थोड्या.

या बाबतीत महाराष्ट्राच्याच एका योजनेची आठवण करून द्यावीशी वाटते. मानव विकास कार्यक्रमाखाली २०११ नंतर राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत ने-आण करण्यासाठी एसटीच्या खास बस सुरू झाल्या, सायकली दिल्या गेल्या, शाळांत सायंकाळच्या अभ्यासिका निघाल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी बालभवन-विज्ञान केंद्र काढण्याची तरतूद झाली. एकाच कार्यक्रमात बस, अभ्यासिका आणि विज्ञान केंद्र. ज्या कोणी हा आराखडा केला, त्यांना तास आणि साधन एकमेकांपासून तोडता येत नाहीत हे उमगले होते. बसचे वेळापत्रक एका खात्याकडे, विज्ञान केंद्र दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली, की मात्र हे उमगणे कागदावरच राहते. विज्ञान केंद्राची वेळ बसच्या शेवटच्या फेरीशी जुळते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल.

मग हे सगळे शाळेच्या वेळेतच का करू नये, असे कोणी विचारेल. तेच उत्तम, असे माझेही मत आहे. शाळेच्या तासात केलेला प्रयोग सर्वांना मिळतो. शाळेनंतरचा ज्यांना थांबता येते त्यांनाच मिळतो. पण होशंगाबादचा अनुभव सांगतो, की सरकारी शाळेच्या आत रुजलेला कार्यक्रमही एका आदेशाने बंद होऊ शकतो. शिवाय शाळेचा तास ३५-४० मिनिटांचा. त्यात साधन वाटायचे, प्रयोग करायचा, फसला तर पुन्हा करायचा आणि आवरायचे. प्रयोग फसण्यासाठी लागणारा निवांतपणा शाळेच्या तासात नसतो आणि शिकण्याचा मोठा भाग फसण्यातच असतो. म्हणून शाळेबाहेरच्या वर्गांची गरज राहणार. ते वर्ग काढणाऱ्यांनी मात्र कोसबाडकडे पाहायला हवे.

दिवाळी अंकाचे अनेक वाचक अशा वर्गांना मदत करतात, काही जण स्वतः चालवतात. त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. वर्गाची वेळ ठरवण्याआधी वस्तीत पाणी कधी येते ते विचारावे. साधने स्वस्त आणि भरपूर असावीत, म्हणजे चौघांत एक न राहता प्रत्येकीच्या हातात एक येईल. मुलामुलींच्या मिश्र गटात नोंद घेण्याचे आणि साधन हाताळण्याचे काम आळीपाळीने द्यावे, किंवा सुरुवातीचे काही महिने मुलींचे गट वेगळे ठेवावेत. आणि भावंड घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नये. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी, चार खेळणी आणि त्या पोराकडे लक्ष देणारी एक बाई, एवढे असले तरी ती मुलगी पूर्ण तास थांबू शकते. ताराबाई आणि अनुताईंनी वर्गाशेजारी पाळणा बांधला होता. विज्ञानाच्या खोलीशेजारी तो बांधायला आपल्याला इतकी वर्षे सुचले नाही, पण खर्च अजूनही फारसा वाढलेला नाही.